बोट कापलं, पण नेमकं काय कापलं?

विळीवर भाजी चिरताना बोटाला पातं लागणं हे घरोघरचं आहे. कधी नुसता पांढरा चरा उमटतो, कातडीचा पातळ पापुद्रा सुटतो आणि रक्ताचा थेंबही येत नाही. कधी भळाभळा रक्त येतं, दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, आठवड्याभरात जखम मिटते आणि मागे एक बारीक रेघ राहते. आणि क्वचित असं होतं की जखम वरून तेवढीच दिसते, पण बोटाचं टोक वाकेनासं होतं किंवा बोटाची एक बाजू बधिर पडते. पातं तेच, बोटही तेच. पातं कुठल्या ऊतीपर्यंत पोचलं, यावर सगळं ठरतं.

एकसारख्या घडणीच्या, एकच काम करणाऱ्या पेशी आणि त्यांनी आपल्याभोवती तयार केलेला पदार्थ, यांना मिळून ऊती म्हणतात. माणसाच्या शरीरात अंदाजे 37 लाख कोटी पेशी असतात आणि त्यांचे प्रकार दोनशेच्या वर जातात. तरीही त्या सगळ्या चार गटांत बसतात: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. शाळेत ही नावं परीक्षेपुरती पाठ होतात आणि निकालानंतर विसरली जातात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण कुठली जखम आपोआप भरेल, कुठली महिनोन् महिने रेंगाळेल आणि कुठली कधीच भरणार नाही, हे या चार नावांतच दडलेलं आहे.

ऊतींचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. त्याने मृतदेहांचे भाग उकळून पाहिले, वाळवून पाहिले, कुजू दिले, आम्लात घातले आणि 1801 सालच्या ग्रंथात ऊतींचे 21 प्रकार सांगितले. अवयव कितीही वेगळे दिसले तरी त्यांत तेच पडदे आणि तेच तंतू पुन्हा पुन्हा येतात, आणि आजार अख्ख्या अवयवाला होत नाही, तो त्यातल्या एखाद्या ऊतीला धरतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, अवघ्या तीस वर्षांचा असताना तो वारला. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि 21 प्रकारांचे चार गट झाले; पण आजार ऊतीत शोधायचा, ही त्याची दिशा आजही तीच आहे.

आता बोटाच्या वरच्या थरापासून आत जाऊ. अभिस्तर ऊती शरीराचा प्रत्येक पृष्ठभाग झाकते. बाहेरून त्वचा, आतून तोंड, अन्ननलिका, आतडी, श्वासनलिका, मूत्राशय; रक्तवाहिन्यांची आतली बाजूसुद्धा. तिच्या पेशी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मध्ये जवळजवळ जागाच उरत नाही. त्यांच्या खाली अतिशय पातळ आधारपटल असतं, आणि रक्तवाहिन्या या पटलाच्या खालीच थांबतात. वरच्या पेशींना अन्न आणि प्राणवायू खालून झिरपत मिळतो. पांढऱ्या चऱ्यातून रक्त येत नाही ते यामुळेच: पातं अभिस्तरातच अडलेलं असतं.

त्वचेचा हा थर पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, तर तळपायाला जवळपास दीड मिलिमीटर जाड असतो. सर्वात खालच्या पेशी सतत विभागतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर जाताना त्या चपट्या होतात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात, मरतात आणि शेवटी झडून जातात. तळापासून झडण्यापर्यंतचा हा प्रवास साधारण महिनाभराचा. आंघोळीच्या वेळी अंग घासल्यावर जो मळ निघतो, त्यातला बराचसा भाग या मेलेल्या पेशींचाच असतो.

जागा बदलली की घडण बदलते. फुप्फुसातल्या वायुकोशांत चपट्या पेशींचा एकच थर असतो आणि तिथे हवा व रक्त यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं. एवढ्या पातळ भिंतीतूनच प्राणवायू पलीकडे जाऊ शकतो. लहान आतड्यात उंच, स्तंभासारख्या पेशी असतात. त्या अन्न शोषतात आणि चार-पाच दिवसांत बदलल्या जातात. कॅन्सरवरची केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. म्हणून त्या रुग्णांना तोंड येतं, जुलाब होतात, केस गळतात. श्वासनलिकेतल्या पेशींना सूक्ष्म रोम असतात. ते धूळ अडकलेला कफ सतत घशाकडे ढकलत राहतात. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेत या रोमक पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. कफ वर नेणारं कोणी उरत नाही, आणि उरतो तो फक्त सकाळचा खोकला.

यकृताच्या मुख्य पेशीही अभिस्तरातल्याच, आणि विभागण्याची त्यांची ताकद थक्क करणारी आहे. जिवंत दात्याच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढून रुग्णाला दिला जातो, आणि पुढच्या काही महिन्यांत दोघांच्याही शरीरात यकृत वाढून जवळपास पूर्ण आकाराचं होतं.

पण सतत विभागण्याची किंमतही हीच ऊती मोजते. प्रत्येक विभागणीत चूक होण्याची शक्यता असते, आणि तंबाखू, धूर, ऊन यांचा पहिला मारा अभिस्तरावरच होतो. मोठ्या माणसांचे बहुतेक कॅन्सर या ऊतीत सुरू होतात. आपल्याकडे याचं सर्वात दुःखद उदाहरण तोंडाचं आहे. गालाच्या आत, हिरडीजवळ तंबाखूची गोळी ठेवली जाते तिथे पांढरा चट्टा उठतो, किंवा न भरणारी जखम होते. मग डॉक्टर म्हणतात, तुकडा तपासायला पाठवू.

त्या तुकड्याचं पुढे काय होतं, ते सांगायला हवं, कारण ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ या भीतीने लोक महिनोन् महिने टाळतात. ती भीती बाळगण्याचं कारण नाही. मोहरीच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचपट्टीवर घेऊन दोन रंगांत बुडवतात. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो, आणि इओसिन बाकी सगळं गुलाबी. या गुलाबी-जांभळ्या चित्रात पॅथॉलॉजिस्ट काय बघतो? वेड्यावाकड्या वाढलेल्या पेशी आहेत का, आणि असल्या तर त्यांनी आधारपटल फोडलं आहे का. पटल शाबूत असेल तर तेवढा भाग काढून काम भागू शकतं. पटल फोडून पेशी खाली उतरल्या असतील, तर तिथे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या आहेत, म्हणजे पुढे पसरण्याची वाट मोकळी.

आधारपटलाच्या खाली सुरू होते संयोजी ऊती. अभिस्तरात पेशी दाटीने बसतात, इथे उलट. पेशी विरळ, आणि त्यांच्यामधला पदार्थ भरपूर. ऊतीचा गुण ठरतो तो या मधल्या पदार्थावर. तो द्रव असेल तर रक्त, लवचीक पण घट्ट असेल तर कूर्चा, क्षारांनी कठीण झाला असेल तर हाड. दोरासारखा असेल तर स्नायू हाडाला जोडणारा स्नायुरज्जू आणि हाड हाडाला जोडणारं लिगामेंट. चरबीसुद्धा यातच येते. रक्त आणि हाड एकाच गटात, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही; पण लक्षात घ्या की रक्तातल्या पेशी तयार होतात हाडाच्या आतल्या मज्जेत, तिथे दर सेकंदाला सुमारे 20 लाख लाल पेशी जन्माला येतात आणि प्रत्येकीचं आयुष्य जवळपास 120 दिवसांचं असतं.

या गटाचा मुख्य आधार म्हणजे कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी अंदाजे तीस टक्के हे एकच प्रथिन असतं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी ते तयार करतात, आणि त्याचे धागे एकमेकांत घट्ट विणले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना ताजी फळं-भाज्या मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, आणि जुन्या, भरून गेलेल्या जखमा पुन्हा उघडत. स्कर्व्ही म्हणतात तो हाच आजार. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने संत्री-लिंबू देऊन असे रुग्ण बरे करून दाखवले. जुन्या जखमा उघडत, यावरून एक गोष्ट कळते: व्रणातलं कोलॅजेन एकदा घालून संपत नाही, ते सतत मोडतं आणि नव्याने घातलं जातं.

बोटाची रक्त येणारी जखम भरते ती या ऊतीच्या जोरावर. आधी बिंबिका आणि फायब्रिनचे धागे मिळून गुठळी करतात. मग पांढऱ्या पेशी येऊन घाण आणि जंतू साफ करतात. कडा लाल आणि गरम लागतात त्या या दिवसांत. तिसऱ्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट कोलॅजेन घालू लागतात, आणि वरून अभिस्तराच्या पेशी कडांपासून सरकत मध्ये येऊन भेटतात. तयार झालेला व्रण पूर्ण पिकल्यावरही मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्केच मजबूत असतो, आणि त्यावर केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथीही येत नाहीत. घाईघाईने जखमेत हळद किंवा कॉफी चेपण्याआधी ती नळाच्या धारेखाली स्वच्छ धुवावी, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. घाण आत राहिली तर सफाईचा टप्पा लांबतो आणि व्रणही मोठा राहतो.

कोलॅजेन जास्त झालं तरी घात होतो. सुपारीच्या सततच्या चघळण्याने गालाच्या अभिस्तराखाली कोलॅजेन साचत जातं, गाल आतून कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात. या रुग्णांना एक बोट घालणंही कठीण होतं. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा आणि मावा खाणारी विशी-पंचविशीतली मुलं आजही ही तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. साचलेलं कोलॅजेन सहजी विरघळत नाही.

हाडाची गोष्ट आनंदाची आहे. इमारतीच्या खांबात सळई आणि काँक्रीट असतं, तसं हाडात कोलॅजेन आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार असतात. एक ताण सोसतं, दुसरं दाब. खात्री करायची तर कोंबडीचं स्वच्छ केलेलं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. क्षार विरघळतात आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. हाडात रक्तवाहिन्या भरपूर असतात, हाड घालणाऱ्या आणि हाड खाणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. त्यामुळे मोडलेल्या जागी आधी गुठळी, मग मऊ कूर्चा, मग कच्चं हाड आणि शेवटी पक्कं हाड तयार होतं. नीट जुळलं तर व्रण न राहता मूळचं हाड परत मिळतं. शरीरात फार थोड्या ठिकाणी असं घडतं.

कूर्चेचं नशीब नेमकं उलटं. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, चेतातंतूही नाही. चालताना दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिला अन्न मिळतं. रक्त नाही म्हणून दुरुस्तीचं सामान पोचत नाही. चेता नाही म्हणून झिजताना दुखतही नाही. दुखायला लागतं ते खालच्या हाडापर्यंत गोष्ट गेल्यावर. विल्यम हंटरने 1743 सालीच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. गुडघेदुखीवर ‘कूर्चा परत आणणारी’ औषधं विकणाऱ्यांकडे याच नजरेने पाहावं.

स्नायुरज्जू या दोघांच्या मधला. रक्तपुरवठा तुटपुंजा, पण आहे. आणि इथेच ते न वाकणारं बोट येतं. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची बोटं ठेवा आणि मूठ उघडा, मिटा. हालचाल तिथे जाणवेल. बोटं जोराने वाकवणारे स्नायू हातात, कोपराखाली असतात; बोटांपर्यंत येतात ते फक्त त्यांचे रज्जू. रज्जू तुटला की त्याचं टोक मागे खेचलं जातं आणि दोन टोकं आपोआप भेटत नाहीत. कातडी वरून जुळून येईल, पण बोट वाकणार नाही. अशा वेळी घरी पट्टी बांधून बसू नये. हाताच्या सर्जनकडे टाके घालून घ्यावे लागतात आणि पुढे अनेक आठवडे सांगितलेले व्यायाम करावे लागतात.

तिसरी ऊती स्नायूंची. तिचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचंही काम एकच, आखडणं. हाडांना जोडलेले स्नायू आपल्या इच्छेने चालतात. त्यांच्या लांब पेशींत अनेक केंद्रकं आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसतात. अॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रकारच्या तंतूंची रांग लागलेली असते, म्हणून ते पट्टे. आखडताना तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे 1954 साली कळलं. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतीतले स्नायू पट्ट्यांशिवायचे आणि आपल्या इच्छेबाहेरचे. अंगावर काटा येतो तोही असाच: केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो. इच्छेने चालणाऱ्या स्नायूंजवळ राखीव पेशी असतात, त्यामुळे लचक किंवा छोटी फाट भरून येते.

हृदयाचा स्नायू मात्र वेगळाच. पेशी फांद्या फुटलेल्या, एकमेकींना टोकाशी जोडलेल्या, त्यामुळे ठोक्याचा संदेश सगळीकडे पसरतो आणि हृदय एकसाथ आखडतं, दिवसाला साधारण एक लाख वेळा. या पेशी नव्याने तयार होतात का, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित होता. उत्तर मिळालं अणुचाचण्यांमुळे. शीतयुद्धाच्या काळात हवेत झालेल्या स्फोटांनी वातावरणातला कार्बन-14 वाढला आणि 1963 च्या करारानंतर घटत गेला. पेशीच्या डीएनएमध्ये कार्बन-14 किती आहे, त्यावरून ती कधी जन्मली ते काढता येतं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2009 साली हा हिशेब मांडला: पंचविशीत वर्षाला फक्त एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी म्हणून संयोजी ऊतीचा व्रण येतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आखडत नाही.

राहिली चेता ऊती. मेंदूत अंदाजे 8,600 कोटी चेतापेशी असतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या इतर पेशीही. चेतापेशीच्या मध्यभागापासून एक लांब अक्षतंतू निघतो. कमरेच्या मणक्यांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा तंतू मीटरभर असू शकतो. काही तंतूंवर मायलिन या मेदाचं आवरण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. आवरण नसलेल्या तंतूंत तो सेकंदाला एक-दोन मीटरनेच सरकतो. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचला की आधी टोचरी कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, ते वेगांतल्या या फरकामुळे.

हातापायांतल्या चेता दुरुस्त होऊ शकतात. तुटलेली टोकं जुळवली तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटाजवळ कापलेल्या चेतेची संवेदना बोटाच्या टोकापर्यंत पोचायला म्हणूनच सहा महिने जातात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका या चेतांच्या आवरण-पेशींत घर करतो. बोटं ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. बधिर झालेल्या हाताला चटका, काटा, जखम कळत नाही, ती चिघळते आणि बोटं त्यापायी जातात. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात अशा हातांनी शेती झाली, विणकाम झालं. औषधाने जंतू मरतो, पण मेलेली चेता परत येत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच दाखवणं इतकं मोलाचं.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींना ही सवलतही नाही. गेलेली पेशी जवळजवळ कधीच बदलली जात नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात होतो तेव्हा, उपचार न मिळाल्यास, दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, मालिश करत बसू नका, तोंडात पाणी घालू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर सर्वात आधी तेच विचारतात.